चाळणीची चाचणी

गेल्या वर्षी जूनमध्ये, शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या तेव्हा, मला एका माध्यमिक शिक्षकांचे ई-पत्र आले. आमची ओळख नव्हती. पत्रासोबत बारा पानांचा इंग्रजी निबंध होता. त्याचे शीर्षक होते, 'ध्वनिवेगाचा नवा सिद्धान्त'. पत्राच्या शेवटी सहा अक्षरांचा एक संकेत देऊन विनंती केली होती की, हा संकेत भरून आपण मला अनुमोदन द्यावे, म्हणजे माझा निबंध अर्काइव्हवर ठेवता येईल.

मी ते पत्र बाजूला ठेवले. 'हो' म्हटले नाही आणि 'नाही' असेही कळवले नाही. अशी पत्रे महिन्याला दोन-तीन येतात. आइन्स्टाइन चुकला, प्रकाशाचा वेग बदलतो, सगळ्या बलांचे एकच सूत्र सापडले. 'नवा सिद्धान्त' हे शब्द दिसले की हात आपोआप पुढच्या पत्राकडे जातो. त्या हाताच्या सवयीविषयी हा लेख आहे.

अर्काइव्ह म्हणजे काय ते आधी सांगायला हवे. शोधनिबंध नियतकालिकात छापून येण्यास कित्येक महिने लागतात. तोवर सहकाऱ्यांना तो वाचायला मिळावा म्हणून त्याच्या प्रती टपालाने पाठवण्याची पद्धत भौतिकीत जुनी होती. या प्रती मिळत त्या बड्या संस्थांच्या ग्रंथालयांना आणि ओळखीच्या माणसांना. दूरच्या लहान विद्यापीठात त्या उशिरा पोचत, बहुधा पोचतच नसत. ऑगस्ट १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर अशी सोय केली की निबंध तेथे पाठवावा आणि ज्याला हवा त्याने तो तेथून फुकट मागवावा. २००१ साली ही व्यवस्था कॉर्नेल विद्यापीठाकडे गेली. भौतिकीबरोबर गणित, संगणकशास्त्र, संख्याशास्त्र असे विषय तिच्यात आले. जानेवारी २०२२ पर्यंत तेथे वीस लाख निबंध जमा झाले होते. ऑक्टोबर २०२४ या एका महिन्यात चोवीस हजारांहून अधिक नवे निबंध आले, म्हणजे कामाच्या प्रत्येक दिवशी हजारावर.

या फडताळात निबंध असण्याला किती महत्त्व आहे हे एका उदाहरणावरून कळेल. ग्रिगोरी पेरेलमान यांनी पॉइंकारेच्या अटकळीच्या सिद्धतेचा पहिला भाग नोव्हेंबर २००२ मध्ये अर्काइव्हवर ठेवला. उरलेले भाग पुढच्या वर्षी ठेवले. कुठल्याही नियतकालिकाकडे त्यांनी ते पाठवले नाहीत. जगभरच्या गणितज्ञांनी ते तेथूनच घेतले, तपासले आणि मान्य केले. निबंध तेथे आहे म्हणजे तो बरोबर आहे असे मुळीच नाही, पण तो तेथे नसेल तर तो कोणाच्या नजरेला पडण्याची शक्यता फार कमी होते.

साहजिकच तेथे आपला निबंध ठेवावा असे वाटणाऱ्यांची संख्या वाढली. त्यात कचराही वाढला. जानेवारी २००४ मध्ये अर्काइव्हने अनुमोदनाची पद्धत सुरू केली. एखाद्या विषयात पहिल्यांदाच निबंध ठेवणाऱ्याला त्या विषयातील जुन्या लेखकाचे अनुमोदन लागते. हे अनुमोदन देण्याचा अधिकार कोणाला? त्याच विषयात गेल्या काही वर्षांत ठरावीक संख्येने निबंध ठेवलेल्यांना. मान्यवर संस्थेचा ई-पत्ता असणाऱ्यांना पहिली कित्येक वर्षे बहुतेक वेळा ही अट आपोआप माफ होत असे. अलीकडे तेथेही नियम आवळला गेला आहे. अनुमोदकाने निबंध बारकाईने तपासावा किंवा तो बरोबर असल्याची हमी द्यावी अशी अपेक्षा नाही. त्याने लेखकाला ओळखावे किंवा निबंधावरून नजर फिरवावी, लेखकाला विषयाची मूलभूत माहिती आहे ना आणि निबंध त्या विषयातील चालू कामाशी अगदीच तुटलेला नाही ना, एवढे पाहावे. याशिवाय निरनिराळ्या विषयांचे स्वयंसेवक नियामक असतात. ते आलेले निबंध चाळतात. निबंधाच्या भाषेवरून त्याचा विषय ओळखणारी संगणकीय चाळणीही आहे आणि कुठल्याच विषयात न बसणारा निबंध ती वेगळा काढून दाखवते.

या व्यवस्थेची बाजू मी आधी मांडतो, कारण मी तिचा लाभार्थी आहे. रोज सकाळी माझ्या विषयाची यादी उघडतो तेव्हा वीस-पंचवीस निबंधांची नावे दिसतात आणि त्यांतले बहुतेक निदान शहाण्या माणसांनी लिहिलेले असतात. हे आपोआप होत नाही. कोणीतरी विनावेतन बसून केर काढत असते. लिहिणाऱ्याची पाच मिनिटे आणि वाचणाऱ्याचा एक तास असा व्यवहार असेल तर दार सताड उघडे ठेवता येत नाही, हे प्रश्नपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

दाराशी पहारा असावा हे मान्य करून माझी तक्रार पुढे सुरू होते. पहारेकरी जो प्रश्न विचारतो तो असा: हा माणूस कोणाच्या ओळखीचा आहे? खरे तर विचारायचे असते ते हे: या निबंधात काय आहे? दुसरा प्रश्न महाग पडतो म्हणून त्याच्या जागी पहिला वापरला जातो. अशी अदलाबदल विज्ञानात आपण नेहमी करतो. ताप मोजायचा तर पाऱ्याची लांबी मोजतो. पण अशा वेळी दोहोंचा संबंध किती पक्का आहे, चूक कोणत्या बाजूला आणि किती होते, हे तपासून पाहण्याची आपली रीत आहे. येथे ते कसे होते ते पाहू.

समजा एका महिन्यात हजार निबंध आले. हे आकडे केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत. त्यांतले ९५० आतल्या, म्हणजे ओळखीच्या लेखकांचे आणि ५० बाहेरच्यांचे. बाहेरच्यांत निम्मे, म्हणजे २५ टाकाऊ आणि आतल्यांत फक्त ५ टाकाऊ. पहारेकऱ्याने बाहेरच्या सगळ्यांना परत पाठवले. आता फडताळात ९५० निबंध आहेत आणि त्यांतले ५ टाकाऊ, म्हणजे दोनशेत एक. पूर्वी हेच प्रमाण हजारात ३०, म्हणजे शंभरात तीन होते. चाळणी लावल्यामुळे कचरा सहापटीने कमी झाला! अहवालात लिहायला हे उत्तम आहे. पण याच हिशेबात २५ चांगले निबंध परत गेले. त्यांचे काय झाले? ते फडताळात नाहीत, त्यामुळे फडताळ मोजून ते सापडणार नाहीत. चाळणीच्या दोन चुकांपैकी एक डोळ्यांसमोर येते आणि दुसरी कधीच दिसत नाही. टाकाऊ निबंध आत आला तर चार वाचक तक्रार करतात. चांगला निबंध बाहेर राहिला तर तक्रार करायला वाचकच नसतो.

त्यात अनुमोदकाचे गणित पाहा. मी अनुमोदन दिलेल्या माणसाने अगदीच भलते काही आणून ठेवले तर माझा अनुमोदनाचा अधिकार काढून घेतला जाऊ शकतो. मी चांगल्या माणसाला अनुमोदन दिले नाही तर माझे काहीच बिघडत नाही. मी उत्तरच दिले नाही तर ही गोष्ट माझ्या आणि त्याच्या टपालपेटीबाहेर कोणालाही कळत नाही. अर्काइव्हलाही नाही, कारण निबंध त्यांच्याकडे पोचलेलाच नसतो. एका बाजूला थोडी जोखीम आणि दुसऱ्या बाजूला शून्य. अशा तराजूचा काटा कोणत्या बाजूला झुकेल हे सांगायला भौतिकीची पदवी लागत नाही.

आणि हे सगळे उभे केले भौतिकशास्त्रज्ञांनी, याचे मला नवल वाटते. कारण नेमका हाच प्रश्न आमच्या प्रयोगशाळेत आम्ही अगदी वेगळ्या तऱ्हेने सोडवतो.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत मोठ्या हॅड्रॉन टक्करयंत्रात प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. प्रत्येक वेळची सगळी माहिती साठवणे अशक्य आहे. म्हणून शोधयंत्राला जोडलेली एक झटपट चाळणी क्षणार्धात ठरवते की हे ठेवायचे की टाकायचे. २०१५ ते २०१८ या काळात सेकंदाला साधारण हजार घटना ठेवल्या जात आणि बाकीच्या कायमच्या जात. यातल्या सीएमएस या शोधयंत्राच्या एका भागाच्या बांधणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे, त्यामुळे आपल्याकडील अनेकांना ही चाळणी परिचयाची आहे. आमचा विद्यार्थी पहिल्या वर्षीच एक प्रश्न विचारायला शिकतो. मी शोधतोय तो कण या चाळणीने फेकून तर दिला नसेल? त्यावरचा उपाय साधा आहे. काही घटना चाळणीला न विचारता, डोळे मिटून उचलल्यासारख्या ठेवल्या जातात. शिवाय मुद्दाम सैल अट लावलेल्या काही चाळण्या असतात. त्यांतून पुष्कळ काही सुटते, म्हणून त्यांतल्या हजारात एक अशा हिशेबाने घटना ठेवतात. नंतर या डोळे मिटून ठेवलेल्या घटना पाहिल्या की कळते, मुख्य चाळणीने किती टक्के चांगल्या घटना टाकल्या असत्या. ही टक्केवारी दिल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष छापता येत नाही. समीक्षक पहिल्याच परिच्छेदात विचारतो.

कणांच्या बाबतीत आम्ही इतके सावध असतो. माणसांच्या बाबतीत मात्र मी बाजूला सारलेल्या पत्रांतले एकही पत्र 'डोळे मिटून' उघडून पाहण्याची सोय नाही आणि तशी कोणी मागितलेलीही नाही.

टाकलेले निदान जपून ठेवले तरी किती फरक पडतो याचा दाखला ओझोनच्या इतिहासात आहे. अमेरिकेच्या उपग्रहाकडून येणाऱ्या ओझोनच्या आकड्यांत १८० डॉबसन एककांखालच्या नोंदींवर 'संशयास्पद' अशी खूण होत असे. १९८५ साली जोसेफ फार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरील जमिनीवरच्या मोजणीतून ओझोन घटल्याचे जाहीर केले. उपग्रहाच्या नोंदींना खूण केलेली होती, पण त्या पुसलेल्या नव्हत्या. म्हणून त्या पुन्हा वाचता आल्या आणि विवर केवढे मोठे आहे हे १९८६ मध्ये दाखवता आले.

आता आपल्या जवळचे उदाहरण. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे नाव या मासिकाच्या वाचकांना नवे नाही. देवळालीच्या शाळेत त्यांनी १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शिकवले. गणितातील पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. समजा ३, ५, २, ४. उतरत्या क्रमाची संख्या ५४३२, चढत्या क्रमाची २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच करा: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि आता कितीही वेळा केले तरी ६१७४ च येते. कुठूनही सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण येथे पोचतो. ही गोष्ट त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त छापून आणली. या नियतकालिकाला गणिताच्या गमतीजमती वर्ज्य नव्हत्या. पण त्यांच्या कितीतरी पुस्तिका त्यांनी देवळालीहून स्वतःच्या खर्चाने छापल्या. त्या काळच्या इथल्या गणितज्ञांना हे सगळे पोरकट वाटे. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील सदरात त्यांच्यावर लिहिले आणि मग त्यांचे नाव सर्वत्र झाले. ते निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.

कापरेकर आज असते तर? अनुमोदकाला घालून दिलेली कसोटी लावून बघा. विषयाची मूलभूत माहिती आहे का? आहे. निबंध चालू कामाशी तुटलेला आहे का? होय, पूर्णपणे. ते ज्यावर काम करत होते त्यावर दुसरे कोणी काम करतच नव्हते. शिवाय डोंबिवलीच्या जुन्या नावावरून संख्यांना 'डेम्लो' म्हणणारा माणूस! माझ्या हाताच्या सवयीने त्यांचे पत्र चार महिने नव्हे, कायमचे पडून राहिले असते. (रामानुजनांचे उदाहरण मी मुद्दामच घेत नाही. इतक्या असामान्य माणसावरून नियम करता येत नाहीत. कापरेकर हे आपल्यासारख्यांच्या मापातले उदाहरण आहे.)

अर्थात बाहेरची माणसे आत येतच नाहीत असे म्हणणे खोटे ठरेल. एप्रिल २०१८ मध्ये ऑब्री डी ग्रे या वृद्धत्वावर संशोधन करणाऱ्या गृहस्थांनी, प्रतलातील बिंदू रंगवण्याच्या जुन्या प्रश्नात चार रंग पुरत नाहीत हे दाखवणारा निबंध अर्काइव्हवर ठेवला. गणित हा त्यांचा पेशा नव्हे. २०२३ मध्ये तर छपाई व्यवसायातून निवृत्त झालेल्या डेव्हिड स्मिथ या इंग्रज गृहस्थांनी शोधलेली फरशी गाजली. हिच्या प्रतींनी सगळे प्रतल भरता येते, पण नक्षीची तीच ती पुनरावृत्ती कधीच होत नाही. मात्र स्मिथ यांनी आधी वॉटर्लू विद्यापीठातील क्रेग कॅप्लान यांना लिहिले. कॅप्लान यांनी उत्तर दिले, आणखी दोघे जोडले गेले आणि चौघांच्या नावाने निबंध आला. कॅप्लान यांनी ते पत्र उघडले, यावर सारे काही अवलंबून होते. ज्यांची पत्रे उघडली गेली नाहीत त्यांची उदाहरणे मला देता येत नाहीत, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे.

दार बंद आहे म्हणून चिडलेल्यांनी २००९ साली वेगळे फडताळ उभे केले. फिलिप गिब्ज यांनी अर्काइव्हची इंग्रजी अक्षरे उलटी लिहून त्याला 'व्हिक्स्रा' असे नाव दिले. तेथे जवळजवळ कोणालाही मुभा आहे. परिणाम काय झाला? तेथे निबंध असणे हेच वाचू नये असे चिन्ह होऊन बसले. दार काढून टाकणे हा उपाय नव्हे, हे यावरून मला पटते.

पण 'कोण' हे पाहणारी चाळणी आता ज्यासाठी लावली तेही काम नीट करेनाशी झाली आहे. निबंधासारखा दिसणारा मजकूर यंत्राने तयार करणे तसे जुने आहे. एमआयटीतील तीन विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये तसा कार्यक्रम थट्टा म्हणून लिहिला होता आणि २०१४ मध्ये स्प्रिंगर व आयईईई या दोन प्रकाशकांना त्यातून निघालेले १२० हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. तो मजकूर वाचला तर निरर्थक आहे हे लगेच कळे. आजचे भाषा-प्रारूप जे लिहिते ते वाचूनही पटकन कळत नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी अर्काइव्हच्या संगणकशास्त्र विभागाने जाहीर केले की आढावा-लेख आणि मतप्रदर्शक लेख नियतकालिकाने किंवा परिषदेने आधी स्वीकारलेले असल्याशिवाय घेतले जाणार नाहीत, कारण यंत्रलिखित लेखांचा पूर आला आहे. हे लेख पाठवणारे कोण होते? ज्यांच्यापाशी अनुमोदन होते असेच. आतले किंवा आतल्यांनी आत घेतलेले. म्हणजे आमच्या काल्पनिक हिशेबातील आतल्या ९५० मधले ५ आता ५ राहिलेले नाहीत. आणि येथे विभागाने नियम बदलला तो 'कोण' याविषयी नव्हे, 'काय' याविषयी. मला तो थोडा आडदांड वाटतो, कारण चांगला आढावा-लेख शिक्षकाला दहा संशोधनांपेक्षा उपयोगी पडतो. तरी प्रश्न योग्य जागी विचारला गेला एवढे खरे.

मग काय करावे? १९९२ साली सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी नको असलेल्या ई-पत्रांवर उपाय सुचवला होता. प्रत्येक पत्र पाठवण्यापूर्वी पाठवणाऱ्याच्या संगणकाला एक लहानसे अवघड गणित करायला लावावे. एका पत्राला ते जड जात नाही, लाखाला जाते. युक्तीतले मर्म असे की माणूस कोण आहे हे विचारलेलेच नाही, भार टाकला आहे तो संख्येवर. हाच भार पैशाच्या रूपात टाकला तर मात्र आमचे शिक्षक पहिल्याच फटक्यात बाहेर जातील. वेळेच्या रूपात टाकता येतो.

नील स्लोन यांनी १९६४ मध्ये सुरू केलेला आणि १९९६ पासून महाजालावर असलेला पूर्णांक-क्रमिकांचा कोश साधारण तसे करतो. त्यात आज साडेतीन लाखांहून अधिक क्रमिका आहेत, कापरेकरांच्याही आहेत. नाव नोंदवून कोणालाही नवी क्रमिका सुचवता येते, शिफारस लागत नाही. पण नवख्याला एका वेळी मोजकेच मसुदे पुढे करता येतात. संपादक ते तपासतात, प्रश्न विचारतात आणि ही सगळी चर्चा कोणालाही वाचता येते. एखादी क्रमिका का नाकारली हे त्या माणसाला कळते. तेथेही संपादकांची दमछाक होते, आणि क्रमिका तपासणे हे तीस पानी निबंध तपासण्याहून सोपे आहे हे मान्य. जसेच्या तसे अर्काइव्हला चालणार नाही.

पण दोन गोष्टी चालतील. अनुमोदनाची मागणी माझ्या खासगी टपालात येण्याऐवजी अर्काइव्हमार्फत यावी, म्हणजे किती मागण्या आल्या, किती नाकारल्या आणि किती नुसत्याच कुजल्या याची नोंद राहील. आणि त्या कुजलेल्यांतून दर महिन्याला थोड्या, चिठ्ठ्या टाकून उचलाव्यात, लेखकाचे नाव व पत्ता झाकून नियामकापुढे ठेवाव्यात. शंभरात दोन बरे निघाले तर आजची चाळणी ठीक आहे, मी माझे शब्द मागे घेईन. तीस निघाले तर? तो आकडा दोन असेल की तीस, हे प्रत्यक्ष मोजूनच कळेल.

माझ्यापुरती एक चिठ्ठी मी ऑक्टोबरमध्ये उचलली. अपराधी वाटत होते म्हणून त्या शिक्षकांचा निबंध छापून घेतला आणि रेल्वेत वाचला. 'नवा सिद्धान्त' म्हणजे ध्वनीचा वेग ऋतूप्रमाणे बदलतो हा होता, म्हणजे नवा नव्हता. ५१२ हर्ट्झचा नादकाटा आणि चार सेंटिमीटर व्यासाची प्लास्टिकची नळी घेऊन मुलांनी अनुनादाची लांबी मोजली होती. तिसऱ्या पानावर चूक होती. नळीतील हवेचा स्तंभ नळीच्या तोंडाशी संपत नाही, व्यासाच्या सुमारे तीन-दशांश इतका बाहेर डोकावतो. हे धरलेले नव्हते. त्यामुळे वेगाचे सगळे आकडे सुमारे सात टक्क्यांनी कमी आले होते. अनुभवी माणूस येथे निबंध मिटतो. मीही मिटणार होतो, पण गाडी कसाऱ्याला थांबून राहिली.

पुढच्या पानांवर जानेवारीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंतचे, बारा अंशांपासून बेचाळीस अंशांपर्यंतचे शंभराहून अधिक आकडे होते. पाण्याने नळीतली हवा थंड होते हे लक्षात आल्यावर त्यांनी पाण्याऐवजी लाकडी दट्ट्या बसवला होता. पहाटेच्या आणि दुपारच्या लांबीत नऊ मिलिमीटरांच्या आसपास फरक मिळाला होता. मी पेन्सिलीने हिशेब केला. तीस अंशांत वेग सेकंदाला अठरा मीटरने वाढायला हवा, त्याला चार गुणिले ५१२ ने भागले की येतात ८.८ मिलिमीटर. तोंडाशी राहिलेली चूक दोन्ही वेळी तेवढीच होती, म्हणून वजाबाकीत ती निघून गेली होती. फुटपट्टी घेतलेल्या नववीच्या मुलांनी तापमानाचा परिणाम बरोबर मोजला होता. भौतिकीच्या अध्यापनाच्या विभागात याला जागा मिळायला काहीच हरकत नव्हती. शीर्षक तेवढे बदलायला हवे होते.

मी त्यांना पत्र लिहिले. उशिराबद्दल क्षमा मागितली, तिसऱ्या पानावरची दुरुस्ती कळवली, शीर्षकाविषयी सुचवले आणि दुरुस्त प्रत आली की अनुमोदन देतो असे कळवले. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचे उत्तर आले. प्रथम सत्राची परीक्षा चालू आहे, पेपर तपासून झाले की दिवाळीच्या सुट्टीत बघतो. आणि नळीचे तोंड तिरपे कापले तर बाहेर डोकावणारा भाग किती धरायचा, हे सरांनी कृपया कळवावे.